नांदत्या गावात उत्खनन करायचे तर आधी खड्डे ओळखा, मग थर

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या सासष्टी तालुक्यात एका जुन्या वाड्यावर (म्हणजे गावाच्या एका वस्तीत) संडासाच्या टाकीसाठी खणताना कंबरभर खोलीवर चिऱ्यांची (जांभ्याच्या घडीव दगडांची) एक रांग, बरीच खापरे आणि निळ्या नक्षीच्या चिनी मातीचे तुकडे निघाले. वाड्यावर शेकडो वर्षे वस्ती आहे. गावकरी आणि जवळच्या महाविद्यालयाचा इतिहास विभाग मिळून तिथे रीतसर उत्खनन करू पाहतात. ते कसे करावे आणि कुठे बिघडते?

टाकीचे काम आहे तिथे थांबवा. निघालेली खापरे एका पिशवीत भरून 'टाकीचा खड्डा, थर अनिश्चित' अशी चिठ्ठी घाला. खड्ड्यात पुढे खणू नका, पण तो बुजवूही नका. त्याच्या चार बाजू म्हणजे आयते सेक्शन, म्हणजे थर दाखवणारे उभे छेद, आहेत. थापीने त्या हलकेच तासून उभ्या करा, एक मीटरची पट्टी ठेवून फोटो घ्या आणि वरून ताडपत्री टाका.

शास्त्रीय उत्खनन कोणालाही स्वतःच्या भाटात (माडांच्या बागेत)सुद्धा मनाने करता येत नाही. १९५८ चा प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळांचा कायदा आणि त्याखालची १९५९ ची नियमावली यांनुसार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. तो संस्थेला मिळतो, गावाला नव्हे, आणि त्यावर अनुभवी पुरातत्त्वज्ञाचे नाव असावे लागते. परवान्याचे वर्ष १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर असते. तेव्हा पणजीच्या राज्य पुरातत्त्व खात्याला आताच लेखी कळवा आणि परवाना घेऊ शकणारे विद्यापीठ किंवा संशोधन संस्था सोबत घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुनी घडीव वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते. ती विकणे सोडाच, 'आठवण' म्हणून घरी नेणेही अडचणीचे ठरू शकते. जमिनीच्या बाबतीत एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा उतारा) नाव कोणाचे, कुळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कोण, जागा कोमुनिदादची (गावाच्या सामाईक जमीन-संस्थेची) आहे का, हे आधी पाहा. संमती या सगळ्यांची हवी. मालकाने हो म्हटले आणि मुंडकाराला विचारलेच नाही, एवढ्यावरून कामे बंद पडतात.

आता मूळ मुद्दा. महाराष्ट्राच्या पठारावर मातीची घरे पडली की त्यांच्यावरच नवी उभी राहत आणि हजारो वर्षांत पांढरीचे टेकाड तयार होई. नेवासे, इनामगाव, दायमाबाद ही त्याची ठळक उदाहरणे. गोव्यात असे टेकाड शोधू नका. इथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घरे नारळी-पोफळीत विखुरलेली असतात. कूड आणि झावळ्यांचे छप्पर कुजून जाते. चिऱ्याचे घर पडले तर चिरे पुढच्या घरात जातात. त्यामुळे दीड हजार वर्षांच्या वस्तीचा साठा काही ठिकाणी जेमतेम मीटरभर जाडीचा असतो आणि तोही प्रत्येक पिढीने पुन्हा पुन्हा खणलेला असतो. पाया, विहीर, माडाचा खड्डा, कुंपणाचा गडगा, चुन्याची भट्टी, अलीकडे टाकी आणि पाइपलाइन, सगळे त्याच मीटरभरात. म्हणून इथे एकावर एक बसलेले थर मोजण्यापेक्षा कोणी कुठे खणले आणि कशाला छेद दिला हे ओळखणे अधिक महत्त्वाचे आहे. बहुतेक चुका इथेच होतात. नंतरच्या खड्ड्यातले खापर जुन्या थराच्या पिशवीत गेले, तर त्या थराचा काळ कायमचा चुकतो.

सासष्टीतल्याच चांदर गावाचा दाखला घ्या. कुशावती नदीकाठचे हे जुने चंद्रपूर. भोज घराण्यातल्या देवराज राजाचा शिरोड्याला मिळालेला ताम्रपट इथूनच दिलेला आहे आणि पुढे कदंब राजघराण्याचीही राजधानी इथे होती. इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास यांनी १९२९ मध्ये इथे खणले आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही उत्खनन केले. विटांच्या देवळाचा पाया आणि मस्तक नसलेला नंदी आजही जागेवर आहे. आजूबाजूला मात्र घरे, शेते, माड, सगळे चालू आहे. एवढ्या मोठ्या राजधानीचे जमिनीवर इतके थोडे दिसते, कारण तिच्यावर गाव कधी थांबलेच नाही. तुमचा वाडा राजधानी नसेल, पण जमिनीचे वागणे तेच असणार.

खणण्याआधी निदान एक महिना वर फिरण्यात घालवा. सर्वे प्लॅनवर १० मीटरचे चौकोन आखा, प्रत्येक चौकोनात ठरलेली दहा मिनिटे जमीन पाहा आणि खापरे, कौले, शिंपले यांची संख्या लिहा. वस्तू शक्यतो तिथेच राहू द्या. सगळ्या विहिरींचे कठडे, पायऱ्या, धुण्याचे दगड आणि गडग्यांतले चिरे तपासा. वीरगळ, गजलक्ष्मीचे पट, देवळाच्या खांबांचे तुकडे असेच पुन्हा वापरात आलेले सापडतात. सासष्टीत १५६० च्या दशकात देवळे पाडली गेली, त्यांचा दगड गावातच मुरला आहे. १५६७ च्या फोरालमध्ये (पोर्तुगीज जमीन-नोंदवहीत) त्या देवळांच्या जमिनींच्या नोंदी आहेत. पणजीच्या पुराभिलेखागारात बसून तुमच्या गावाची पाने काढा आणि त्यातली शेता-भाटांची नावे आजच्या नावांशी ताडून पाहा. पोर्तुगीज वाचणारा माणूस शोधायला वेळ लागला तरी चालेल. कुठे खणायचे हे ठरवायला याहून स्वस्त साधन नाही. यंत्रांवर फार विसंबू नका. जांभ्यातल्या लोहामुळे चुंबकीय मोजणीत गोंधळ होतो, शिवाय पत्रे आणि पाइप असतातच. विद्युत रोध मोजणी नोव्हेंबर-डिसेंबरात, जमिनीत ओल असताना, बरी चालते.

सांतेरी देवीचे वारूळ, राखणदाराचा (गाव राखणाऱ्या देवाचा) दगड आणि तुळशीवृंदावन यांच्यापासून खणणे दूर ठेवा. एक तर ती चालती श्रद्धास्थाने आहेत. दुसरे म्हणजे वारुळाखालची माती वाळवीने खालीवर केलेली असते, तिथून मिळालेल्या कोळशाच्या कणावर काळ ठरवता येत नाही.

काम डिसेंबर ते मार्च एवढ्यातच बसवा. आधी वाड्यावर वेगवेगळ्या उंचीवर १ × १ मीटरचे सहा-आठ चाचणी खड्डे घ्या. साठा कुठे जाड आहे, कुठे धुऊन गेला आहे हे कळल्यावर मोठी चर. आपल्याकडे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरच्या पद्धतीने पाच मीटरच्या चौकोनात बाजूने जागा सोडून ४ × ४ खणायची सवय आहे. टेकाडावर ती चांगली. गोव्याच्या पातळ साठ्यात मात्र ती सोडलेली जागाच घराची अर्धी भिंत झाकून टाकते. माझे मत स्पष्ट आहे: ८ × ६ मीटरचे सलग क्षेत्र उघडा, मधून एकच ५० सेंटीमीटरचा पट्टा ठेवा आणि त्याचा सेक्शन काढून झाला की तोही थराथराने खणून टाका.

मनुष्यबळाचा हिशेब आधीच करा. ४ × ४ मीटरमध्ये १० सेंटीमीटर खणले की १.६ घनमीटर माती निघते. ती सुटी होऊन दोन घनमीटरच्या आसपास भरते, म्हणजे अकरा लिटरच्या घमेल्याने सुमारे १८० घमेली. ही सगळी ५ मिलिमीटरच्या चाळणीतून जायला हवी. दोन चाळण्या, चार माणसे, साधारण एक पूर्ण दिवस. ज्यांनी हा हिशेब केलेला नसतो ते दुसऱ्या आठवड्यात चाळणे सोडून देतात, आणि बुझरुकासारखी छोटी नाणी, मणी, माशांचे काटे ढिगाऱ्यात जातात.

खणताना ठरावीक जाडीने खाली जाऊ नका. मातीचा रंग, पोत किंवा त्यातले तुकडे बदलले की नवा नंबर द्या. काहीच बदलत नसेल तरच ५ ते १० सेंटीमीटरची मर्यादा पाळा. खड्ड्याला दोन नंबर असतात: एक तो खणल्याच्या छेदाचा, दुसरा त्यातल्या भरावाचा. छेदाचा नंबर दिला नाही तर खड्डा केव्हा खणला आणि केव्हा भरला यातला फरक नोंदीतून नाहीसा होतो. कोणता छेद कशावरून गेला हे रोज संध्याकाळी हॅरिस मॅट्रिक्समध्ये, म्हणजे थर आणि छेद यांचा आधी-नंतरचा क्रम दाखवणाऱ्या आकृतीत, मांडा. हंगाम संपल्यावर आठवणीतून मांडलेला मॅट्रिक्स भरवशाचा नसतो.

जांभ्याच्या मातीत छेद डोळ्यांना दिसणे अवघड असते. दुपारी सगळी जमीन एकाच तांबड्या रंगाची दिसते. पृष्ठभाग थापीने तासा, पंपाने पाण्याचा बारीक फवारा मारा आणि पाच-दहा मिनिटे थांबा. खड्ड्याचा भराव भुसभुशीत असल्याने ओल धरून ठेवतो आणि आजूबाजूची घट्ट माती आधी सुकते. त्या वेळी कडा उमटते, ती लगेच थापीच्या टोकाने कोरून घ्या. हे काम सकाळी नवाच्या आत किंवा सावलीचे कापड धरून करा. रंग मुन्सेल तक्त्यावर (मातीचे रंग ठरवायचा प्रमाणित तक्ता) नेहमी ओल्या मातीचाच लिहा.

माडाचा खड्डा तर हमखास भेटेल आणि तोच सगळ्यात जास्त फसवतो. जांभ्याच्या जमिनीत माडासाठी बाजूला आणि खोलीला मीटर ते सव्वा मीटरचा खड्डा घेतात, तळाला नारळाच्या सोडणांचे थर घालतात. माड मरून गेला की वर काही दिसत नाही. सेक्शनमध्ये मात्र उभ्या कडा, तळाशी काळपट तंतुमय पट्टा आणि त्यावर मिसळलेली सैल माती दिसते. घरातली राख, माशांचा कुटा, फुटकी मडकी आळ्यात टाकायची रीत असल्याने या खड्ड्यात खापरे भरपूर मिळतात. नवख्या माणसाला वाटते, चांगला वस्तीचा थर लागला. प्रत्यक्षात तिथे विसाव्या शतकातले कौल आणि हजार वर्षांपूर्वीचे खापर एका घमेल्यात येते. खड्डा ओळखला की आधी तो एकटा रिकामा करा, मगच बाजूच्या थराला हात लावा.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे नसलेली भिंत. चिरे काढून नेले की पायाचा चर उरतो. त्यात चिऱ्याचा चुरा, चुन्याचे खडे, फुटकी कौले भरलेली असतात. सरळ रेषेत जाणारा, दोन-अडीच फूट रुंद, काटकोनात वळणारा सैल पट्टा दिसला तर ती भिंतच समजा आणि तिचा नकाशा काढा. त्या चरातली सर्वांत नवी वस्तू भिंत बांधल्याचा नव्हे, चिरे काढून नेल्याचा काळ सांगते. उभ्या भिंतीत चिऱ्यावरच्या खुणा पाहा. हाताने ताशलेल्या चिऱ्यावर तिरके, आखूड घाव असतात, यंत्राने कापलेल्यावर वळणदार समांतर रेघा. सांध्यात माती, शिंपल्यांचा चुना की सिमेंट, हेही लिहा.

तिसरी चूक तळाशी होते. लालसर टणक खडीचा थर लागला की 'मूळ जमीन आली' म्हणून काम थांबवतात. पुष्कळदा तो जोत्याखाली ठोकून बसवलेला चिऱ्याच्या चुऱ्याचा भराव असतो आणि त्याखाली जुनी वस्ती शाबूत असते. ओळखायचे असे: अस्सल जांभ्यात आरपार नळ्यांसारखी भोके असतात, त्यांत पिवळी-पांढरी चिकणमाती असते आणि ही रचना सलग चालू राहते. ठोकलेल्या भरावात तुकडे वाटेल तसे पडलेले असतात आणि अधूनमधून नखाएवढे खापर किंवा कोळसा सापडतो. शंका उरू नये म्हणून चरीच्या एका कोपऱ्यात ५० सेंटीमीटरचा चौकोन आणखी अर्धा मीटर खाली न्या.

डोंगराच्या पायथ्याचे वाडे असतील तर वरून वाहून आलेली माती वेगळी काढा. पावसाने वरच्या टप्प्यावरची जुनी खापरे खालच्या नव्या अंगणावर आणून टाकलेली असतात, त्यामुळे वर जुने आणि खाली नवे असा उलटा क्रम मिळतो. वाहून आलेल्या खापरांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. तेव्हा प्रत्येक पिशवीत किती खापरे धारदार कडांची आणि किती झिजलेली, हे मोजा.

शेणाने सारवलेली जमीन मिळाली तर नशीब समजा आणि गती एकदम कमी करा. चाकूने उभा काप घेतला की एक-दोन मिलिमीटरचे राखाडी आणि तांबूस पापुद्रे दिसतात. पापुद्रे मोजून वर्षे काढू नका, कारण सारवणे सणावारावर आणि घरच्या सवयीवर असते. अशा जमिनीवर एक मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकातून वेगळा नमुना घ्या. भाताच्या तुसाचे सूक्ष्म सिलिका कण त्यात टिकून असतात, त्यावरून मळणी, साठवण, स्वयंपाक कुठे होई याचा अंदाज येतो. चुलीजवळची भाजलेली माती जांभ्याच्या तांबडेपणात मिसळते, म्हणून वरच्या राखेचा भिंगासारखा पातळ थर शोधा.

युरोपातल्या गावांच्या उत्खननात शौचकूप म्हणजे माहितीची खाण मानतात. ती अपेक्षा इथे ठेवू नका. डुकरांच्या संडासाच्या पद्धतीत खोल खड्डा नसतोच. घरातला टाकाऊ माल शोधायचा तो परसात, विहिरीच्या वाटेवर, उकिरड्यात आणि माडांच्या आळ्यांत. आम्लधर्मी जमिनीमुळे हाडेही सहसा विरघळून जातात. पण जिथे तिसऱ्या, खुबे, कालवांचे शिंपले ढिगाने टाकले आहेत तिथे त्यांच्या चुन्याने आम्ल मरते आणि मासळीचे काटेसुद्धा टिकतात. शिंपल्यांचा खड्डा मिळाला तर त्यातले निदान २० लिटर माती-शिंपले न चाळता पिशवीत भरा. हे नमुने, तसेच चुली आणि जमिनींचे नमुने, पाण्यात तरंगवून धुवा. वर येणारे जळके दाणे ०.३ मिलिमीटरच्या कापडात आणि खाली बसणारा गाळ १ मिलिमीटरच्या जाळीवर घ्या. दोन्ही सावलीत वाळवा. उन्हात जळका भात तडकून त्याची भुकटी होते.

काळ ठरवण्याबद्दल. थराचा काळ त्यातल्या सर्वांत नव्या वस्तूच्या अलीकडे असू शकतो, पलीकडे कधीच नाही. बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळूरला १८६५ मध्ये सुरू झाला. म्हणून सपाट, छाप मारलेले मंगळुरी कौल असलेला भराव त्याआधीचा असू शकत नाही. त्याखाली हाताने केलेल्या नळीच्या कौलांचे तुकडे अपेक्षित ठेवा. तुम्हाला मिळालेले निळ्या नक्षीचे तुकडे नीट पाहून घ्या. चीनच्या मिंग काळातला, विशेषतः वानली सम्राटाच्या (१५७३ ते १६२०) वेळचा माल गोव्यात भरपूर आला, पण एकोणिसाव्या शतकातली युरोपीय छापील भांडीही लांबून तशीच दिसतात. तुटलेली कड पाहा: चिनी पोर्सेलिन काचेसारखे घट्ट आणि शुभ्र असते, छापील भांड्याची कड किंचित भुरभुरीत आणि पिवळसर. शिवाय चांगली बशी घरात शंभर वर्षे जपली जाते, तेव्हा एका तुकड्यावर घराचा काळ ठरवू नका. कार्बन-१४ या काळ ठरवण्याच्या चाचणीसाठी भात, कुळीथ असे एका हंगामाचे दाणे द्या. मोठ्या लाकडाचा कोळसा दिलात तर झाडाचे वय त्यात मिसळते. साधारण १६५० नंतरच्या काळासाठी तर ती चाचणी तीन-चार वेगवेगळे कालखंड देते, तिथे पैसे घालवण्यापेक्षा नाणी, कौले आणि पोर्सेलिन बरे.

चिठ्ठ्यांमध्ये कंजुषी नको. प्रत्येक पिशवीत एक आणि बाहेर एक, न भिजणाऱ्या कागदावर, पेन्सिलने. बॉलपेनची शाई गोव्याच्या दमट हवेत एका पावसाळ्यात पसरते. खापरे मोजा आणि वजनही करा. काठ, बूड आणि अंग वेगळे लिहा. काजळी धरलेल्या भांड्यांचे काही तुकडे न धुता ठेवा, त्यांत शिजवलेल्या अन्नाची चरबी सापडू शकते. लोखंड आणि तांबे पाण्याने धुऊ नका, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदला.

सुरक्षेचे तीन नियम पाळा. सव्वा मीटरच्या खाली उभ्या भिंती ठेवू नका, पायऱ्या काढत उतरा. काढलेली माती चरीच्या कडेपासून दोन मीटर दूर टाका. उभ्या घराच्या जोत्यालगत, जोत्याच्या तळापेक्षा खोल खणू नका.

बुजवणे एप्रिल संपायच्या आत व्हायला हवे, मे महिन्यातली एखादी वळवाची सर सगळे सेक्शन पाडते. तळावर प्लॅस्टिक अंथरू नका, त्याखाली ओल कोंडते. पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड घाला, वर १० सेंटीमीटर वाळू, मग चाळलेली माती २०-२० सेंटीमीटरच्या थरांनी ठोकून. शेवटी जमिनीपेक्षा वीत-दीड वीत उंच ढीग ठेवा, पहिल्या पावसात तो बसतो. चरीच्या कोपऱ्यांचे अंतर न हलणाऱ्या दोन खुणांपासून, म्हणजे विहिरीचा कठडा किंवा घराचा कोपरा यांपासून, मोजून अहवालात आणि गावाच्या नकाशावर दोन्हीकडे लिहा. टाकी कुठे बसवायची तेही त्याच नकाशावर ठरवा. बहुतेक वेळा ती पाच-सात मीटर सरकवली तरी काम भागते.